धाब्यावरची माती

मी मूळचा कोकणातला. नगरला आलो तो हौसेनं नव्हे, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. बायकोला दमा होता. लग्नानंतरचे तीन पावसाळे तिनं आमच्या समुद्राकाठच्या घरात, पाठीशी उशांची चळत लावून, बसल्या बसल्या काढले होते. चौथा संपता संपता आमच्या गावचे डॉक्टर मला ओटीवर घेऊन आले आणि म्हणाले, "औषधं देतोय, पुढेही देईन. पण हिला ही हवाच नको आहे. घाट चढा. जिथं पाऊस कमी तिथं बदली मागून घ्या." मी सरकारी कचेरीत कारकून होतो. अर्ज केला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून विचारलं, "नगरला लोकांना शिक्षा म्हणून पाठवतात. तू मागून घेतोस?"

एकोणीसशे सत्तर सालची दिवाळी आटोपून आम्ही दोघं एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन नगरच्या स्टँडवर उतरलो. माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता, की इथली झाडं कुणी तोडून नेली? दुसरा विचार, की हे आकाश एवढं मोठं कशाला हवं? आमच्याकडे माडांच्या झावळ्यांमधून जेवढं दिसेल तेवढ्या आकाशावर आम्ही भागवत होतो. इथं चारी बाजूंना नुसतं निळं, आणि खाली पिवळं पडलेलं गवत. ओठ दुसऱ्या दिवशी फुटले. तिसऱ्या दिवशी टाचा. मी चिडखोर माणूस आहे, आणि त्या पहिल्या आठवड्यात मी नगरला जेवढ्या शिव्या मोजल्या तेवढ्या पुढं कुणालाच मोजल्या नाहीत.

मग एका दुपारी डोकं दुखतंय म्हणून कचेरीतून लवकर घरी आलो. दार लोटलेलं होतं. बायको सतरंजीवर आडवी झोपलेली. उशी नाही, पाठीला टेका नाही, सरळ आडवी, हात डोक्याखाली घेऊन. मी चपला न काढता दारातच उभा राहिलो आणि तिचा श्वास ऐकला. छातीतली ती शिट्टी ऐकू येत नव्हती. मी बराच वेळ ऐकत राहिलो, पण ती नव्हतीच. तेव्हा मी तिथंच उंबऱ्यावर बसलो आणि डोळे पुसले, आणि त्या दिवसापासून नगरला शिव्या देणं बंद केलं. निदान तिच्यासमोर तरी.

कोरडी हवा म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला शिकावं लागतं. आमच्याकडे आगपेटी चुलीच्या कोनाड्यात ठेवायची, नाहीतर काडी ओढली की गुल निघून यायचा. मिठाच्या बरणीला पाणी सुटायचं. श्रावणात पुस्तकांवर आणि चामड्याच्या चपलांवर बुरशीची पांढरी लव यायची. नगरात मीठ बरणीतून साखरेसारखं ओघळायचं. पहिल्याच ओढीला काडी पेटायची. बायकोनं लुगडं धुऊन दोरीवर टाकलं की दुसरं पिळून होईपर्यंत पहिलं वाळलेलं असायचं. तिला याचं इतकं कौतुक, की पहिल्या महिन्यात घरात धुण्यासारखं काही शिल्लक राहिलं नाही; पडदे, पिशव्या, माझी टोपी, सगळं धुऊन झालं. थंडीत सकाळचं ऊन अंगणात यायचं तेव्हा ती त्यात पाठ करून बसायची आणि म्हणायची, "हे ऊन अंगाच्या आत जातं हो." मार्गशीर्षात ज्वारीचा हुरडा आला. पौषात इतकी थंडी, की तांब्यातल्या पाण्यानं दात ठणकायचे, आणि दुपारी त्याच अंगणात पाय ठेववणार नाही असं तापायचं. एका दिवसात दोन ऋतू. मला ती चैनच वाटू लागली.

कचेरीत माझ्याकडे एक जादा काम आलं. कुणालाच नको होतं म्हणून नवीन माणसाच्या गळ्यात पडलं. आवारात तारेच्या कुंपणात पावसाचं माप ठेवलेलं होतं. जमिनीत पुरलेलं नळकांडं, त्यावर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला कुंपणाचं कुलूप काढायचं, बाटलीतलं पाणी मापाच्या काचेत ओतायचं आणि आकडा रजिस्टरात लिहायचा. बाटली कोरडी असली तरी शून्य लिहायचं. आमच्याकडे एका पावसात असल्या चार बाटल्या भरून वाहिल्या असत्या. इथं पहिल्या पावसाळ्यात मी दोन मिलिमीटर लिहून बाहेर आलो, तर कुंपणापाशी पाच-सात माणसं उभी होती. आकडा ऐकून त्यातल्या एकानं फेटा सारखा केला आणि म्हणाला, "बास, तेवढ्यानं बाजरी मान वर करंल." मला हसू आलं होतं. पुढं कळलं, की त्यानं सांगितलं तसंच झालं होतं.

आम्ही राहायला होतो ते घर चार खोल्यांचं. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, खिडक्या लहान, आणि वर धाबं. धाबं म्हणजे सपाट छप्पर: लाकडी कड्या, त्यावर फळ्या, त्यावर पाला आणि सगळ्यावर वीतभर पांढरी माती. उतार इतका बारीक की डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्याला दिसतो. आम्ही उतरत्या कौलांच्या मुलखातले. मी पहिल्याच दिवशी शहाणपणानं विचारलं होतं, "पाऊस पडला की पाणी जाणार कुठं?" घरमालकीण म्हणाली, "आधी येऊ तर द्या त्याला. मग जाईल कुठंबी."

ही घरमालकीण पन्नाशीची, विधवा. नवरा भिंगारला लष्कराच्या नोकरीत होता, त्यानं हयातीत हे घर बांधलं. दोघं मुलगे जामखेड रस्त्याला, काही कोसांवरच्या गावी कोरडवाहू शेती करायचे. ती मात्र नवऱ्यानं बांधलेलं घर सोडायला तयार नव्हती. पूर्वेच्या दोन खोल्यांत ती एकटी, पश्चिमेच्या दोन आम्हाला भाड्यानं दिलेल्या. आम्ही तिला मावशी म्हणायचो. ती मला भाऊसाहेब म्हणायची, पण त्या म्हणण्यात आदर कमी आणि थट्टा जास्त असायची.

पहिला उन्हाळा आला तेव्हा मी एक घोडचूक केली. नगरचा चैत्र-वैशाख म्हणजे कोरडी धग. घाम येतो तो दिसायच्या आत वाळतो. संध्याकाळी सगळं गाव आपापल्या धाब्यावर अंथरुणं घेऊन चढायचं. आम्हीही चढलो. धाबं दिवसभर तापलेलं. मी कोकणी डोकं चालवलं. शिडीवरून दोन बादल्या पाणी वर नेलं आणि झोपायच्या जागेवर सपासप मारलं. मातीचा मस्त वास सुटला, वाऱ्याला गारवा आला. मी स्वतःवर खूश. आठ दिवस हा माझा कार्यक्रम चालला. नवव्या दिवशी मावशी गावाहून परतली आणि अंगणातून वर बघत म्हणाली, "भाऊसाहेब, धाब्यावर भात लावलाय का?"

मी म्हटलं, "थोडं शिंपतो, गार होतं."

ती शिडी चढून वर आली. माझ्या ओल्या जागेवर बसून तिनं हात फिरवला. माती उकरली गेली होती, मधे खळगा पडला होता. ती रागावली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. "ही माती अंगणातली न्हाई, भाऊसाहेब. जुन्या गावठानातली पांढर हाय. वरनं हळू पाऊस पडला की आवळून बसती, थेंब खाली सोडत न्हाई. बादलीनं मारलं की तिचा जीव जातो. जिथं शिंपलंय तिथं गळंल बघा." मी मनात म्हटलं, एवढ्याशा पावसात काय गळणार आहे.

एकाहत्तरच्या त्या पावसाळ्यात सगळे महिने ढग आमच्या डोक्यावरून पूर्वेकडे निघून गेले. नगरचे ढग मोठे सभ्य. घाईत असतात, थांबून त्रास देत नाहीत. श्रावणात नुसता वारा आणि ऊन-सावली. बायको खुशीत होती. मग हस्ताच्या नक्षत्रात चार दिवसांची झड लागली. दुसऱ्या दिवशी बरोबर माझ्या खळग्याखालून, बायकोच्या खाटेच्या वरून, पाणी ठिबकायला लागलं. मग भिंतीनं ओल धरली. खोलीत तो वास आला, आमच्या कोकणातल्या घराचा, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोच्या छातीत शिट्टी सुरू झाली.

तो झटका मी विसरणार नाही. तिचे ओठ निळसर झाले होते. मी काय करतोय हे मलाच कळत नव्हतं. मावशीनं दारातून पाहिलं, आत आली आणि मला म्हणाली, "धरा तिकडनं." आम्ही दोघांनी तिला तशीच बसल्या खाटेसकट उचलून मावशीच्या कोरड्या खोलीत नेलं. मावशी तव्यावर ओवा भाजून फडक्यात बांधायची आणि तिची पाठ शेकायची. दिवस कसा गेला माहीत नाही.  शेवटी मी म्हणालो, "माझ्या शिंपण्यामुळं झालं." मावशी म्हणाली, "ओवा संपलाय, दुकानातनं आना."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी श्वास ठिकाणावर आला. इथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि माझ्याकडे वळून स्वच्छ सांगितलं, "हवा नगरची उत्तम. पण घरच ओलं असेल तर नगर काय नि कोकण काय! असा आणखी एक झटका त्यांचं हृदय सोसेल याची मी खात्री देत नाही. पुढच्या पावसाळ्याच्या आत कोरडं घर बघा." हे ऐकताना मावशी औषधाची बाटली हातात धरून शेजारी उभी होती.

मी घर बघितलं नाही असं नाही. सिमेंटच्या छपराचं घर शोधत सावेडीपर्यंत पायपीट केली. मिळालं नाही, आणि खरं सांगायचं तर बायकोला मावशीला सोडून जायचं नव्हतं. मावशी म्हणायची, "माती आनते की मी गावाकडनं. गाडीभर टाकू, दोनी बाजूंना." पण बहात्तर सालचा उन्हाळा आला तेव्हा तिच्या बैलांत गाडी ओढायचं बळ उरलं नव्हतं. पावसाळा तोंडावर आला. मी रोज वर बघून देवाचं नाव घेत होतो. आणि पाऊस आलाच नाही.

मृग कोरडा गेला. आर्द्रा गेली. श्रावणात पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंग लावायचा तो लोकांनी बोटभर लावला. सीना नदीचं वाळवंट तर पावसाळ्यातही ओळखीचंच होतं, पण विहिरींचे तळ मी पहिल्यांदा पाहिले. मी रोज साडेआठला कुलूप काढत होतो, कोरडी बाटली उलटी करून बघत होतो आणि शून्य लिहीत होतो. कुंपणापाशी उभी राहणारी माणसं हळूहळू कमी झाली. शेवटी कुणीच येईनासं झालं.

त्या वर्षात मी नगरच्या माणसांना खरं ओळखलं. आजही त्यांच्याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो, बायको गप्प करते. घरटी दोन कळशा पाणी मिळायचं. मावशी परातीत उभी राहून तांब्याभर पाण्यानं अंघोळ करायची, त्या पाण्यात लुगडं भिजवायची आणि तेच पाणी मग दारातल्या कडुलिंबाला घालायची. भांडी राखेनं घासून कोरड्या फडक्यानं पुसायची, आणि ती लखलखायची. पण दारात कुणी आलं की आधी तांब्या पुढं व्हायचा. तो रिवाज मोडला नाही. आलेला माणूसही तसाच. उन्हातान्हातून आलेला, घसा कोरडा पडलेला, पण तांब्या वरून धरून एक घोट घ्यायचा आणि "बास, आत्ताच पिऊन आलोय" म्हणून परत द्यायचा. दोघांनाही माहीत, की हे खोटं आहे. मी मात्र सुरुवातीला एकदा मावशीच्या गावाहून आलेल्या पाहुण्यासमोर गटागटा तांब्या रिकामा केला होता.  मलाच नंतर कळलं आणि कान गरम झाले.

मावशीचे मुलगे आणि सुना दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होत्या. बैल गुरांच्या छावणीत. रेशनवर लाल मिलो, अमेरिकेहून आलेली भरड ज्वारी, मिळायचा. त्याच्या भाकरीचा तुकडा मोडताना तो चुरा होऊन हातात यायचा. आणि या सगळ्यात आमच्या घरात काय चाललं होतं? माझी बायको फुलली होती. वर्षभरात एकदाही शिट्टी नाही. दोन कळशा ती डोक्यावर आणि कमरेवर घेऊन न थांबता यायची. तिच्या गालांवर रंग आला होता. सगळा मुलूख होरपळत होता, आणि ती हवा माझ्या बायकोला मानवत होती.

रोज सकाळी मी कचेरीतून चहाला घरी यायचो तेव्हा मावशी अंगणात निवडत-टिपत बसलेली असायची. विचारायची, "काय म्हनतंय भांडं?"

"कोरडं, मावशी," मी सांगायचो. आवाज पडेल ठेवायचो. आणि आत, पार आत, मला हायसं वाटायचं. आजचा दिवस गेला. आज धाबं गळणार नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण बायको म्हणजे बायको. एकदा चहाचा कप पुढं ठेवून ती म्हणाली, "शून्य लिहून आलात की तुमचा चेहरा उजळतो. मला लाज वाटते हो."

"तुझ्यासाठीच ना," मी म्हणालो.

"माझ्यासाठी म्हणूनच लाज वाटते," ती म्हणाली आणि चूल फुंकायला लागली. मी चिडलो. तिला काय कळतंय, असं काहीबाही बोललो. त्या दिवशीचा चहा मी प्यायलो नाही.

त्र्याहत्तरचा उन्हाळा लागला तशी मावशी दर आठवड्याला गावी जायला लागली. येताना एसटीच्या टपावर तिची दोन पोती असायची, अर्धीच भरलेली. मी एकदा स्टँडवरून ती आणायला मदत केली. बापरे, काय जड! "काय आहे मावशी?" विचारलं. "हाय आपलं," ती म्हणाली. ती पोती तिच्या आतल्या खोलीत जायची. चार आठवडे, सहा आठवडे. माझ्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. मुलखात दाणा नाही आणि हिच्याकडे दर आठवड्याला दोन पोती येतात. मी बायकोला म्हणालो, "म्हातारीनं ज्वारी दडवून ठेवलीय. आपण मिलो खातोय आणि ही कोठार भरतेय."

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की अजून आठवलं तरी खाली बघावंसं वाटतं. "तुम्ही पोतं उघडून पाहिलंत?" ती म्हणाली. मी म्हटलं, पाहायची गरज काय. अर्धं पोतं इतकं जड कसं, एवढा साधा हिशेब कारकुनाला करता यायला हवा होता.

मे महिना संपत आला. एका संध्याकाळी घरी आलो तर अंगणात धुरळा, भिंतीला शिडी आणि वर मावशी आणि तिची थोरली सून. सून चाळणीनं माती चाळत होती आणि मावशी लाकडी चोपण्यानं ती बसवत होती, गुडघ्यावर टेकून, मागं मागं सरकत. दोघी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या. खाली रिकामी पोती घडी करून ठेवलेली. पोत्यांत ज्वारी नव्हती, पांढरी माती होती. बायको घरात नव्हती. धुरळ्यानं तिला त्रास होईल म्हणून मावशीनं तिला सकाळीच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एका ओळखीच्या घरी पाठवून दिलं होतं.

मी खालून ओरडलो, "मावशी, मला सांगायचं, मी आलो असतो."

"तुमी नका येऊ वर," ती म्हणाली. "तुमी पानी माराल."

सून हसली. मीही हसलो, पण ज्वारीची आठवण होऊन आत कुठंतरी कुरतडत राहिलं. तिनं शिडी काढून ठेवली आणि ताकीद दिली, की पाऊस पडून माती बसेपर्यंत वर कुणी चढायचं नाही. आम्ही चढलो नाही.

पाऊस आला तेव्हा मी कचेरीत होतो. त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी वाट पाहिली त्यांनी ते करावं. सगळी कचेरी व्हरांड्यात उभी होती आणि मी खुर्चीत बसून घराचा विचार करत होतो. तो पहिला पाऊस तासाभरात उघडला. खरी परीक्षा पुढं जुलैत झाली. तीन दिवस झड लागली. सूर्य नाही, गार वारा, सारखी भुरभुर आणि मधूनच मोठी सर. मी दर तासाला खोलीच्या भिंतींवर हात फिरवत होतो. छताच्या कड्या बघत होतो. बायकोच्या छातीला कान लावत होतो, ती मला ढकलत होती. भिंती कोरड्या होत्या. कड्या कोरड्या होत्या. तिसऱ्या सकाळी ती चुलीपाशी बसून भाकरी थापत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. गुणगुणत होती! दम्याच्या माणसाला झडीत गुणगुणताना ज्यानं पाहिलं नाही त्याला मी काय सांगू.

मी छत्री घेऊन कचेरीत गेलो. बाटली जवळजवळ भरलेली होती. कुंपणापाशी माणसं पुन्हा जमली होती, भिजत. आकडा सांगताना माझा आवाज पहिल्यांदाच खरा होता. परत येताना पाय भराभर उचलत होतो. मावशीला सांगायचं होतं, बाटली भरली, आणि तुमच्या मातीनं थेंब सोडला नाही.

अंगणात ती नव्हती. तिचं दार उघडं होतं. आत पाऊल टाकलं ते पाण्यात पडलं. खोलीभर भांडी मांडलेली: परात, पातेलं, कळशी, पिठाचा डबा, तांब्या. प्रत्येकात वेगळ्या आवाजात ठिबक चाललेली. अंथरूण गुंडाळून कोनाड्यात कोंबलेलं. भिंत वरपासून खालपर्यंत काळी पडलेली. आणि मावशी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन आतल्या उंबऱ्यावर बसलेली.

"मावशी," मी म्हटलं, "वर माती टाकली होती ना?"

"टाकली की. तुमच्यावर."

"आणि इकडं?"

"पुरली न्हाई." ती सहज म्हणाली, भाजीत मीठ कमी पडल्यासारखी. "बैल छावनीत, गाढवं समदी तलावाच्या कामावर. एका खेपेला दोनच पोती घेऊ देत हुता कंडक्टर, ती बी अर्धी. जेवढी आली तेवढी तुमच्या खोल्यांवर घातली. दोन वर्सांच्या उन्हानं जुनी समदी भेगाळलीया; वाटून घातली असती तर दोनी बाजू गळल्या असत्या."

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुमी न्हाई म्हनला असता. मग बसलो असतो वाद घालत." तिनं भरत आलेला तांब्या उचलून रांजणात रिता केला आणि परत जागेवर ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अन् भाऊसाहेब, भांडं कोरडं म्हनून सांगत हुता तवा तुमचं तोंड दिसत हुतं मला. रोज. म्हनलं, बायकूपायी ह्यो मानूस पावसाला भितोय. समदा मुलूख पाऊस मागतोय अन् माझ्याच घरातलं येक मानूस नको म्हनतंय. तुमचा तरी काय दोस? म्हनलं, तुमची भीतीच काढून टाकावी."

मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. मी तिच्या पोत्यांत ज्वारी पाहिली होती. तिच्या तोंडावर दुःखाचं नाटक केलं होतं. आणि ती सगळं ओळखून दर आठवड्याला एसटीच्या टपावर माती लादत होती. मी भरलेली कळशी उचलून रांजणात रिती केली आणि परत जागेवर ठेवली.

मागं पाहिलं तर बायको दारात उभी होती. पिठाचे हात तसेच. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत आली, पाण्यातून चालत कोनाड्यापर्यंत गेली आणि मावशीचं अंथरूण काढून काखेत घेतलं. "चला," ती म्हणाली. "आमच्याकडं चला. दोन खोल्या कोरड्या आहेत, तिघांना पुरतात."

मावशीनं तिचा हात धरून तिला खाली, आपल्याजवळ उंबऱ्यावर बसवलं. दोघींसमोर परातीत थेंब पडत होते. "पोरी," ती म्हणाली, "दोन वर्सांनी माझ्या घरात पाऊस आलाय. त्याला येकट्याला टाकून कुठं येऊ?"

मी छत्री मिटून भिंतीला लावली आणि त्या दोघींशेजारी ओल्या जमिनीवर बसलो. बायको माझ्याजवळ शांतपणे श्वास घेत होती. आणि जन्मभर पावसात वाढलेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा, अगदी मनापासून, तो एवढ्यात थांबू नये अशी इच्छा केली.